धायटी : लाल रंग पाकळ्यांचा नव्हे

सिंदेवाहीच्या पानगळीच्या जंगलातले हे झुडूप उन्हाळ्याच्या तोंडी लालभडक होते. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. कुळ मेंदी, डाळिंब आणि तामणाचे. लिनियसने तिला लिथ्रम वंशात घातले होते. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातील कुर्झ यांनी १८७१ मध्ये आजचे नाव दिले. डोळ्यांत भरतो तो निदलपुंजाच्या नळीचा रंग. सहा पाकळ्या इतक्या इवल्या, की शोधाव्याच लागतात. नळीतल्या मधासाठी शिंजीर घिरट्या घालतात. फुले नसतील तर पान उलटून पाहा, खाली बारीक काळे ठिपके दिसतील. सुकवलेली फुले, म्हणजे वैद्यांची धातकी, अशोकारिष्ट आणि द्राक्षासव आंबवताना घालतात.