किंडरडाइक : बांधाच्या आधाराने उभे गाव

नेदरलँड्समध्ये लेक व नोर्ड या नद्यांच्या संगमावर किंडरडाइक हे गाव वसलेले आहे. येथील शेतजमीन नदीच्या पातळीहून सखल असल्याने पावसाचे पाणी आपोआप वाहून जात नाही. ते उचलूनच नदीत सोडावे लागते. नोव्हेंबर १४२१ मधील सेंट एलिझाबेथच्या महापुराने या प्रदेशातील गावेच्या गावे बुडविली.

१७३८ व १७४० साली येथे पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वाऱ्याने पाती फिरत, त्यांच्या जोराने पाणचाक फिरे व चरांतील पाणी उंचावरील साठवणीत चढे. नदी उतरली की दरवाजे उघडून ते बाहेर सोडीत. १८६८ साली वाफेचा पंप आला. तथापि दुसऱ्या महायुद्धात इंधन दुर्मिळ होताच याच चक्क्यांनी पुन्हा शेते राखली. १९९७ पासून येथील १९ चक्क्या जागतिक वारसा गणल्या जातात.

नदीकाठच्या बांधाचा ठराविक तुकडा पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याकडे असे. हयगय करणाऱ्यास दंड होई. कारण एकाच्या तुकड्यास भगदाड पडले, तर सर्वांची शेते बुडत. यावर देखरेख करणारी पाणीमंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत.

१९९५ च्या पुरात नदीकाठच्या सुमारे अडीच लाख लोकांस घरे सोडावी लागली. बांध मात्र टिकले. पुढे काही ठिकाणी बांध मागे सरकवून नदीस पसरण्यास जागा देण्यात आली. बांधाची डागडुजी कोरड्या दिवसांत व सर्वांनी मिळूनच करावयाची असते, हेच या गावांच्या इतिहासाचे सार होय.