जिथं गादीच नाही

मणक्यांमधली झिजलेली गादी काढून टाकायची आणि तिच्या जागी माणसानं घडवलेली दुसरी बसवायची, या कल्पनेनं मला फार वर्षं झपाटलं आहे. खुबा बदलतात, गुडघा बदलतात, त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. शेजारच्या आजी दोन्ही गुडघे बदलून चारधाम करून येतात. मग गादीचंच घोडं कुठं अडलं? या प्रश्नापायी मी शल्यविशारदांचे जुने निबंध, पेटंटांची चित्रं, अपयशाचे अहवाल जमवत गेलो. त्या ढिगातून मला जे सापडलं ते गादीपेक्षा गादीच्या मागं दडलेलं होतं आणि त्याचा पत्ता परळचा निघाला.

गादीचं शरीरशास्त्र वाचकांना ठाऊक असेलच. 23 गाद्या, बाहेर चिवट कडं, आत ओलसर गर. रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत, म्हणून एकदा फाटलं की भरून येण्याची आशा कमी. एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. कण्याचा जवळजवळ प्रत्येक मजला तिपाईसारखा तीन पायांवर उभा असतो: पुढं गादी आणि मागं डावा-उजवा असे दोन छोटे सांधे. क्ष-किरण चित्रात गादीची जागा आणि पुढं एमआरआयमध्ये गादी ठळक दिसते, सांधे अंधारात राहतात. जे दिसतं त्याच्यावर ठपका येतो.

हा ठपका ठेवला गेला 1934 साली. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवून दिलं, की फाटलेल्या गादीचा गर बाहेर येऊन नस दाबतो आणि पायात कळ जाते. निदान अचूक होतं. त्यानंतरची पन्नास वर्षं मात्र सगळी दुनिया गादीच्याच मागं लागली. स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी 1960च्या आसपास गर काढून त्या जागी पोलादाची गुळगुळीत गोळी ठेवायला सुरुवात केली. गोळीवर मणका सगळ्या बाजूंना हलेल, असा सरळ हिशेब. हाड पोलादापेक्षा मऊ असतं हे गोळीनंच दाखवून दिलं, बहुतेकांच्या हाडात ती हळूहळू रुतली. गंमत म्हणजे यांपैकी बऱ्याच रुग्णांची तक्रार नव्हती. कॅनडातल्या मॅकेन्झी यांनी स्वतः बसवलेल्या अशा गोळ्यांचा पुष्कळ वर्षांनी माग घेतला, तेव्हा बहुतेक माणसं खूश निघाली. क्ष-किरण चित्र वाईट आणि माणूस बरा, हे कोडं या शाखेला अजून नीट सुटलेलं नाही.

पपईच्या चिकातलं विकर सुईनं गादीत सोडून गर विरघळवण्याचा प्रयोग अमेरिकेत लायमन स्मिथ यांनी 1963 साली माणसावर केला. 1982 मध्ये त्याला तिथं सरकारी मान्यता मिळाली. काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, काही पांगळे झाले आणि ते औषध बाजारातून गेलं. पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात 1984 साली पहिली खरी कृत्रिम गादी बसली, दोन धातूच्या चकत्या आणि मधे प्लास्टिकचा सरकता गाभा. तिच्या दोन जनकांपैकी कारीन ब्युटनर-यान्त्स या 1972च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णं जिंकलेल्या. आपला कणा इतका वाकवलेल्या बाईनं लोकांच्या कण्याची चिंता करावी, हे मला फार आवडतं. त्या गादीला अमेरिकेत मान्यता मिळायला 2004 उजाडलं, आणि थोड्याच वर्षांत ती मागंही पडली. गादीच्या फाटलेल्या कड्याला आतून बूच लावणारं बॅरिकेड नावाचं साधन 2019 मध्ये तिथं मान्य झालं. बदलण्याकडून डागडुजीकडं, असा हा उलटा प्रवास. मानेच्या कृत्रिम गाद्यांनी कमरेच्या गाद्यांपेक्षा बरं नाव काढलं, एवढं नोंदवून पुढं जातो.

आपल्याकडं कमरेच्या मणक्यांत मागच्या बाजूनं हाड भरून ते सांधण्याची पद्धत रुजवली ती गोव्याच्या डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी. त्यांचं ‘ताठ कणा’ हे पुस्तक मराठी घरांत पोचलेलं आहे, त्यामुळं त्यांची कहाणी इथं पुन्हा सांगत नाही.

कमरेच्या या पसाऱ्यात माझं मानेकडं दुर्लक्ष झालं होतं. तिकडं वळलो तो मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या वाटेवर. जव्हार-मोखाड्यात पाऊस कोसळतो, पण खडक पाणी धरत नाही. होळी झाली की पाड्यापाड्यांवरच्या विहिरी तळ दाखवू लागतात आणि बायकांची पायपीट सुरू होते. जुन्या लुगड्याचा पिळा वळून केलेली चुंबळ डोक्यावर, तिच्यावर भरलेला हंडा, हंड्यावर कळशी. चढाला लागल्यावर बाई मान हलवत नाही, सगळं शरीर तिच्याखाली वळतं. नजर वाटेवर दहा पावलं पुढं. खालचा दगड ती पायाच्या बोटांनी चाचपते, कारण खाली बघणं तिला परवडत नाही. हिशेब सोपा आहे. लिटरला किलो. हंडा-कळशी मिळून वीस-पंचवीस किलो सहज होतात. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, म्हणजे मान रोज त्याच्या चौपट-पाचपट जादा ओझं पेलते.

हे ओझं सगळ्यांत आधी कुठं उतरतं? कवटीखालच्या पहिल्या मणक्यावर, तिथून दुसऱ्यावर. आणि इथं गादीच नाही! कवटी आणि पहिला मणका यांच्यात नाही, पहिल्या-दुसऱ्यातही नाही. फक्त दोन बाजूंचे सांधे, मधे वर आलेला हाडाचा सुळका आणि त्याला जागेवर धरणारी अस्थिबंधनं. मान डावी-उजवीकडं वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एका जोडीत होतं. हा सांधा निसटला तर सुळका मज्जारज्जूवर दाबतो. हातपाय जातात, श्वासही जाऊ शकतो. निसटण्याची कारणं अनेक: जन्मजात व्यंग, क्षय, संधिवात, अपघात. हंड्यानं हा सांधा निसटतो असं मी म्हणत नाही. पण डोक्यावरच्या ओझ्यानं खालची मान लवकर झिजते, याचे पुरावे आफ्रिकेतून येत राहिले आहेत. ऱ्होडेशियातल्या हमालांच्या मानेवर लेव्ही यांनी 1968 साली लिहिलं. पुढं 1997 मध्ये पश्चिम आफ्रिकेत ओझी वाहणाऱ्यांची आणि न वाहणाऱ्यांची क्ष-किरण चित्रं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा झीज वाहणाऱ्यांत कितीतरी अधिक निघाली. आपल्या बायकांची चित्रं अशी शेजारी ठेवून पाहिली जायला हवीत.

आता परळ. ‘ॲक्टा न्यूरोचिरुर्गिका’ या युरोपीय नियतकालिकाच्या 129व्या खंडात 47 ते 53 या पानांवर, 1994 साली, एक निबंध छापून आला. लेखक दोन, परळच्या केईएम रुग्णालयाचे अतुल गोयल आणि लाहेरी. सात पानं, 30 रुग्ण. माझ्या सगळ्या ढिगात मला सर्वांत मौल्यवान वाटतो तो हाच कागद.

त्याआधी हा सांधा पक्का करायचा तर मागून तारेनं आवळत. ही गॅली यांची 1939 पासूनची रीत. तार ढिली पडे, तुटे, आणि रुग्णाला महिनोन्‌महिने कवटीत खिळे रुतवलेल्या कड्यात बसवावं लागे. पुढं स्वित्झर्लंडच्या मागेर्ल यांनी खालून वर दोन्ही मणक्यांतून आरपार जाणारा स्क्रू आणला. तो मजबूत होता, पण मानेची धमनी त्याच्या वाटेत येई आणि सांधा आधी जागेवर आलेला असावा लागे. गोयल थेट सांध्यातच शिरले. मागच्या बाजूनं जायचं, तिथल्या शिरांच्या जाळ्यातून होणारा रक्तस्राव आवरायचा, दुसऱ्या मज्जातंतूची गाठ कापून सांधा उघडा करायचा, त्याची कूर्चा खरवडून कमरेच्या हाडाचे तुकडे आत ठासायचे, मग पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात एक स्क्रू, दुसऱ्या मणक्यात एक, आणि दोघांवर दोन भोकांची धातूची पट्टी. या शस्त्रक्रिया 1988 पासून चालल्या होत्या. पुढं 2002 मध्ये त्यांनी 160 रुग्णांचा अहवाल अमेरिकेच्या ‘न्यूरोसर्जरी’त दिला.

मधल्या काळात, 2001 साली, जर्मनीचे युर्गेन हार्म्स आणि मेल्खर यांचा निबंध ‘स्पाइन’मध्ये आला. रुग्ण 37. जागा त्याच, म्हणजे पहिल्याच्या बाजूच्या भागात आणि दुसऱ्यात स्क्रू. फरक एवढा, की पट्टीऐवजी दांडी, स्क्रूचं डोकं हव्या त्या दिशेला फिरणारं आणि मज्जातंतू न कापता बाजूला सारलेला. जगभर हीच रीत पसरली आणि बरीच वर्षं एकट्या हार्म्सच्या नावावर चालली. पाठ्यपुस्तकं तशी, परिषदा तशा, कंपन्यांची माहितीपत्रकं तशी. आज ‘गोयल-हार्म्स’ असं जोडनाव रूढ झालं आहे आणि त्यात परळचं नाव आधी येतं, ते योग्यच आहे. सात वर्षं आधी छापलेला कागद हा पुरेसा पुरावा.

हार्म्स यांनी चोरी केली, असं कुजबुजणाऱ्यांच्या पंक्तीला मात्र मी बसणार नाही. फिरत्या डोक्याचा स्क्रू आणि दांडी ही खरीखुरी सुधारणा होती, आणि ती शिकायला सोपी होती. तंतू कापायचा की वाचवायचा, हा वाद अजून धुमसतो. कापला तर डोक्याच्या मागचा भाग बधिर होतो. गोयल म्हणतात, सांधा नीट दिसतो आणि रक्त आवरतं, त्यापुढं हे किरकोळ. माझ्यासारख्या बाहेरच्याला एवढंच दिसतं, की सांध्याच्या आत जाणं हा गोयलांच्या पद्धतीचा गाभा होता, आणि जगानं तिच्यातले स्क्रू उचलले, गाभा मागं ठेवला.

कारण त्या गाभ्यातूनच पुढचं सगळं निघालं. 2004 साली त्यांनी सुळका कवटीत घुसलेल्या 22 रुग्णांचा अहवाल दिला. अशा रुग्णांत तोपर्यंत तोंडातून, घशाच्या मागून हाड पोखरून काढत. गोयलांनी मागून बाजूचे दोन्ही सांधे ताणून उघडले, आत धातूचे स्पेसर ठोकले, सुळका आपसूक खाली आला. हाड कापावं लागलं नाही. मग 2010च्या सुमारास त्यांनी हीच नजर खालच्या कण्याकडं वळवली. गादी नसलेल्या मजल्यावर आयुष्य घालवलेला माणूस गादीच्या मजल्यावर आला आणि म्हणाला, आरोपी चुकीचा धरला आहे. वय वाढतं, स्नायू थकतात, उभ्या शरीराचा भार मागच्या छोट्या सांध्यांवर येतो, ते एकमेकांवर सरकतात. मजल्याची उंची कमी होते, म्हणून गादी फुगते, अस्थिबंधनं दुमडतात, हाडाला काटे फुटतात. गादीची झीज हा परिणाम, मूळ अस्थिरता सांध्यात. मग उपायही तिथंच. सांध्यांत स्पेसर ठोकून उंची परत मिळवायची आणि गादीला हातही लावायचा नाही.

गादी बदलण्याच्या शंभर युक्त्या वाचलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना हसू आलं. सगळे पुढच्या पायाला ठोकत बसले आणि मागचे दोन मोडले होते, असं कुणीतरी म्हणायला हवंच होतं. मात्र म्हणणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे. खालच्या कण्यातल्या स्पेसरचा पुरावा बहुतांशी त्यांच्याच विभागातून आलेला आहे. इतरांनी, चिठ्ठ्या टाकून, दोन गट करून, वर्षानुवर्षं पाहावं तसं तो तपासला गेलेला नाही. छोट्या मेंदूचा भाग मानेत उतरण्याच्या कियारी विकारामागंही हीच अस्थिरता असते, या त्यांच्या म्हणण्यावर तर जगभर जोरदार आक्षेप आहेत. एका किल्लीनं सगळी कुलुपं उघडू पाहणाऱ्या संशोधकाची मला थोडी धास्ती वाटते. पण पहिलं कुलूप त्या किल्लीनं खरोखर उघडलं होतं, हे विसरून चालणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट वाचकांना सांगायला हवी. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे ऐकलं की घाबरून जाऊ नका. कमरेच्या बहुतेक दुखण्यांना ना स्क्रू लागतो ना कृत्रिम गादी. पण घरातल्या कुणाला शर्टाची गुंडी लावता येईना, हातातून वस्तू निसटू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मालिश, पट्टा आणि मान मोडून देणारा यांत एक दिवसही घालवू नका. मज्जारज्जू दबला असण्याची ही लक्षणं आहेत, आणि गेलेलं सगळं परत येईलच याची हमी कुणी देत नाही. पोशेऱ्याच्या माणसाला त्यासाठी नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठावी लागते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब तर होळीपर्यंत दुखणं अंगावरच काढतं.

केईएम 1926 पासून मुंबई महापालिकेचं आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ उभं असलेलं मध्य वैतरणेचं शंभर मीटरहून उंच धरणही त्याच महापालिकेचं. तिथून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. मानेचा सांधा पक्का करायला जगाला शिकवणारी संस्था आणि मोखाड्याचं पाणी नेणारी संस्था, दोघींचा मालक एकच. महापालिकेच्या रुग्णालयात जगानं उचललेली शस्त्रक्रिया जन्मते, तर महापालिकेच्या धरणाशेजारच्या पाड्यांवर बारा महिने चालणारा नळही पोचू शकतो. मोखाड्यातल्या बाईच्या मानेवरचं ओझं उतरवायला शल्यविशारद लागत नाही.