आयर्नचा लॉफ्ट निवडताना
मुलुंडच्या गोल्फप्रेमींना चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब किंवा ऐरोली पुलापलीकडे, खारघरचं सिडकोचं मैदान गाठता येतं. तिथे खेळणाऱ्या दहा ते वीस हँडिकॅपच्या खेळाडूने नवा आयर्न-संच घेताना आधी लॉफ्ट विचारावा. लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन.

आयर्नवरच्या क्रमांकाला ठरलेलं प्रमाण नाही. जुन्या धाटणीच्या सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असे; आजच्या अनेक संचांत तो २८ ते ३० असतो, म्हणून चेंडू लांब जातो. अशा संचातला पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा असतो. सँड वेज ५६चा असेल, तर मध्ये १२-१३ अंशांची पोकळी राहते आणि शंभर यार्डांच्या आसपासचे फटके नेमके बसत नाहीत. ४९-५० अंशांचा गॅप वेज ती भरून काढतो.

स्विंगचा वेग कमी असल्यास कमी लॉफ्टच्या क्लबने मारलेला चेंडू पुरेसा उंच चढत नाही आणि ग्रीनवर पडून पुढे घरंगळतो. अशांनी चार-पाच नंबरच्या आयर्नऐवजी हायब्रिड घ्यावेत. खरेदीपूर्वी लाँच मॉनिटरवर सात नंबरचे अनेक फटके मारा. अंतराइतकंच चेंडूच्या उंचीकडे आणि उतरण्याच्या कोनाकडे लक्ष द्या. हा कोन ४५ अंशांच्या जवळ असेल, तर चेंडू ग्रीनवर थांबतो.