झाल्यातच जमा

सिंहस्थाच्या कामांना एआयची जोड, हा मथळा नाशिककरांच्या आता पाठ झालाय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. या तारखा पुढे ढकलता येत नाहीत, म्हणून कुठलं काम कुठवर आलं हे सांगणारा सहायक प्रत्येकालाच हवासा वाटतो. तो कामाला कसा लावतात हे मी जवळून पाहिलं ते मात्र इंदिरानगरात, बोगद्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे सात जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे.

कामांची कार्डं लावायच्या डिजिटल फळ्याला एआय सहायक जोडायला त्यांना अर्धा तासही लागला नाही. अशा टूल्समध्ये, म्हणजे जिरात रोवो, झोहोत झिया, असे सहायक आता आयतेच येतात. बाहेरचा सहायक जोडायचा तर अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केलेली एमसीपी ही पद्धत आहे. अनेक मोठ्या टूल्सनी ती स्वीकारली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिला अहवाल आला : ‘बिलिंगचं काम पूर्ण.’ ते पूर्ण नव्हतं. कार्डाखाली एकाने लिहिलं होतं, ‘झाल्यातच जमा आहे.’

आपल्याकडे कामाची भाषा अशीच चालते. ‘झाल्यातच जमा’ म्हणजे बरंच बाकी आहे. ‘बघतो’ म्हणजे अजून हात लावलेला नाही. ‘करून टाकू’ म्हटलं की कोण करणार हे ठरलेलं नसतं. सात माणसांना हे आवाजावरून कळतं, सहायकापुढे फक्त अक्षरं असतात. शिवाय फळ्यावर जेमतेम निम्मं काम येतं. उरलेलं फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि चहाच्या टपरीवर ठरतं.

इथे मला नाशिकचीच एक गोष्ट आठवते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. पुढे एमआयटी मीडिया लॅबचे, मूळचे नाशिकचेच असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या प्रश्नांवर उपाय शोधणारी कुंभथॉन ही मोहीम उभी राहिली. तिच्यात निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने साथीदारांसह ‘आशिओतो’ बनवलं : वाटेत अंथरायची, पावलांचा दाब ओळखून माणसं मोजणारी चटई. २०१५ च्या सिंहस्थात ती प्रत्यक्ष वापरली गेली. तिच्यामागे महागडं यंत्र नव्हतं, विचार मात्र पक्का होता. चटईवर पाय पडला तरच माणूस मोजला जाणार, म्हणून ती कुठे अंथरायची हे आधी ठरवावं लागतं. सहायक जोडणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं असं मला मनापासून वाटतं. जे कार्डावर आलंच नाही, ते त्याच्या मोजणीत येत नाही.

इंदिरानगरच्या मंडळींनी मग दोन दिवस एआय बाजूला ठेवून फळाच साफ केला. प्रत्येक कार्डाला एकच धनी. ‘पूर्ण’ म्हणजे ग्राहकाने पाहून होकार दिलेलं काम, हे लिहून ठेवलं. ‘बघतो’सारख्या शब्दांचा अर्थही सहायकाच्या सूचनांमध्ये घातला.

त्यांनी आणखी एक चूक वेळेत पकडली. सहायक जोडला होता मालकांच्या लॉगिनवरून आणि असा सहायक लॉगिनवाल्याला दिसतं ते सगळं वाचू शकतो. म्हणजे पगाराचा फळाही. आता त्याचं वेगळं खातं आहे, तीनच फळे दिसतात आणि अधिकार फक्त वाचण्याचा. तारीख बदलायची तर तो सुचवतो, बदलतो माणूस. ही खबरदारी फाजील नाही. ग्राहकाचा ईमेल कार्डावर जसाच्या तसा चिकटवला आणि त्यात कुणी सहायकासाठी हुकूम दडवून ठेवला असेल, तर तो पाळला जाऊ शकतो. लिहिण्याचा अधिकारच नसेल तर नुकसान बरंच आटोक्यात राहतं.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो तेव्हा दहाचा अहवाल पडद्यावर होता. बिलिंगच्या कार्डापुढे सहायकाने लिहिलं होतं : ‘पूर्ण नाही. ग्राहकाचा होकार नोंदलेला नाही. कुणी विचारायचं?’ टेबलाच्या टोकाला बसलेल्या मुलीने फोन उचलला, बोलली आणि ठेवण्याआधीच दुसऱ्या हाताने कार्डावर टाईप करू लागली.