मराठवाड्यातून सुरू होणारी वाचनयादी

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर, गारखेड्यातल्या वाचकांनो, नवं काय वाचावं असं विचारत असाल, तर आधी देविदास सौदागर यांची ‘उसवण’ घ्या. लेखक तुळजापूरचे आणि स्वतः शिवणकाम करणारे. रेडिमेड कपड्यांमुळे गावातल्या शिंप्याचं मशीन कसं थंडावतं, हे त्यांनी आतून लिहिलंय. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या छोट्या कादंबरीला मिळाला. कपडे शिवून घेणं सोडलेल्या प्रत्येकाने ती वाचायलाच हवी.

त्यानंतर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, धरणग्रस्तांची आणि त्यांच्या जनावरांची गोष्ट. भाषा सुरुवातीला अवघड वाटेल, पण नेट लावा.

समीक्षेची भीती वाटते? सुधीर रसाळ सर आपल्याच शहरातले. त्यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाला २०२४चा अकादमी पुरस्कार मिळालाय. विंदा करंदीकरांच्या कविता आवडत असतील, तर त्यांच्या गद्याकडे जाण्याची ही उत्तम वाट आहे.

मुलांसाठी भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ आणि नांदेडच्या सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’ हा कवितासंग्रह. कविता मोठ्याने वाचा.

पुस्तकं शक्यतो विकत घ्या आणि वाचून झाली की शेजारच्या घरी द्या.