माठाला घाम फुटतो, कॉम्प्युटरला नाही!



उन्हातून घरी आलात की आधी कुठं धावता? माठाकडे! मे महिन्यात आपल्या वर्ध्याचा पारा 45 अंशांना टेकतो, कधी त्याच्याही पुढं जातो. तरी माठातलं पाणी मात्र गार. मग त्याच खोलीत ठेवलेला कॉम्प्युटर, ज्याला तीन-तीन पंखे लावलेत, तो का तापतो? हा प्रश्न माझ्यापुढं टाकला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं. तीच गोष्ट आज सांगते.

ही मुलगी चौथीत माझ्या वर्गात होती. आता दहावीत आहे. तिला गेम खेळायला आवडतात, आणि त्याहून जास्त आवडतं गेम कसे बनतात ते शोधायला. आईनं शिवणकामातून साठवलेले पैसे आणि मामानं दिलेली भर यांतून सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचं तिनं ठरवलं. यादी घेऊन माझ्याकडे आली. मी यादी वाचली आणि म्हटलं, "छान आहे, घे!" दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर सुरू झाला. थंडीभर मजेत चालला.

मे उजाडला आणि ती रडवेली होऊन दारात उभी. "मॅडम, गेम लावला का अर्ध्या घंट्यात बंदच पडते जी! दुकानातले काका म्हणतात, पाण्यानं थंड करायचं यंत्र बसवा. आता आईला पुन्हा पैसे कसे मागू?"

मी तिच्या घरी गेले. टिनाच्या छपराची खोली. भिंतीतल्या कोनाड्यात, तिन्ही बाजूंनी बंद, कॉम्प्युटरचा डबा ठेवलेला. वर धूळ नको म्हणून टॉवेल! तेव्हा माझ्या लक्षात आलं, चूक माझीसुद्धा होती. यादीतला एकेक भाग मी पाहिला, पण "हा कॉम्प्युटर ठेवणार कुठं?" हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

डब्यातले बल्ब

आता जरा हिशेब करू. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. 1971 साली इंटेल कंपनीनं 4004 नावाची चिप आणली. तिच्यात सुमारे 2300 ट्रान्झिस्टर होते आणि ती इतकी कमी वीज खायची, की तिला पंखा लागतच नसे. आजच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. गेमसाठीचा साधा प्रोसेसर 65 वॉटच्या आसपास असतो. चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड 170 वॉटचं घेतलं, तर दोन्ही मिळून झाले 235 वॉट. ही वीज जाते कुठं? जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे 60 वॉटचे जुने पिवळे बल्ब असायचे ना, तसे चार बल्ब एका डब्यात पेटवून ठेवल्यासारखं झालं!

ही उष्णता बाहेर कशी काढायची? विहिरीवरून हातोहात बादल्या पुढं देतात, तशी ही रांग आहे. चिपची उष्णता तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तळाला मिळते. त्या दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी असतात. फटीत हवा, आणि हवा उष्णता फार हळू वाहते. म्हणून तिथं थर्मल पेस्ट लावतात. किती? तुरीच्या एक-दोन दाण्यांएवढी पुरे! जास्त थापली की फायदा काहीच नाही. तिथून उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीत जाते, पंखा ती हवेत सोडतो, दुसरा पंखा ती हवा डब्याबाहेर फेकतो. रांगेतला एकजण जरी थांबला, तरी मागच्यांच्या हातात बादल्या साचणारच.

आणि शेवटची बादली ओतायची कुठं? खोलीच्या हवेत. खरी मेख इथंच आहे, बरं का! माठाला घाम फुटतो. बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ते हवेहूनही गार होतं. कॉम्प्युटरला घाम येत नाही. त्याचा पंखा फक्त हवा बदलतो. त्यामुळे कितीही महागडा पंखा लावा, चिप खोलीच्या हवेपेक्षा गार होणं शक्य नाही. दुकानातल्या काकांनी सांगितलेलं पाण्याचं यंत्रही तसंच. त्यातलं पाणी उष्णता उचलतं आणि पुन्हा खोलीच्याच हवेत सोडतं.

समजा, गेम खेळताना एखादी चिप खोलीपेक्षा 50 अंशांनी जास्त तापते. खोली 22 अंशांची असेल तर चिप 72 अंशांवर. झकास! पण खोली 42 अंशांची असेल तर? 92! बऱ्याच प्रोसेसरची सोसण्याची मर्यादा 90 ते 100 अंशांच्या आसपास असते. तिथं पोचलं की चिप आपला वेग कमी करते, गेम अडखळतो. तरीही ताप वाढला, तर कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला चक्क बंद होतो. तो बिघडलेला नसतो, शहाणपणा करत असतो!

आम्ही काय केलं?

आधी टॉवेल काढला. कॉम्प्युटर कोनाड्यातून काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. मग कागदाची पातळ पट्टी प्रत्येक पंख्याजवळ धरली. समोरचे दोन्ही पंखे पट्टी आत ओढत होते, ते बरोबर. पण मागचा पंखाही हवा आतच घेत होता! म्हणजे सगळे आत येणारे, बाहेर जाणारा कुणीच नाही. वीज बंद करून, प्लग काढून आम्ही तो उलटा बसवला. सेवाग्रामची बापू कुटी पाहिलीये ना तुम्ही? समोरासमोर वाट असली की वारा आरपार जातो. तोच नियम इथं: समोरून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर.

मग जाळी उघडली. आत काय असेल? धूळ आणि कापसाचं तूस! वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे ते घरभर उडतं. मऊ ब्रशनं साफ केलं. एका हातानं पंख्याचं पातं धरून ठेवायचं, म्हणजे ते भरकन फिरून खराब होत नाही.

दुपारी पुन्हा तोच गेम लावला. पूर्वी 95 अंशांवर जाणारा प्रोसेसर 84 वर थांबला. खर्च शून्य रुपये! तिच्या आईनं पहिल्यांदा मोठ्ठा श्वास सोडला. तरी मी एक नियम घालून दिला: मे महिन्यात दुपारी 12 ते 5 गेम बंद, सकाळी खेळायचं.

तुम्ही यादी करणार असाल तर

1. भागांच्या आधी खोली बघा. छप्पर टिनाचं की स्लॅबचं? वारा कुठून येतो?

2. वॉटचा आकडा वाचा. 2021 चं आरटीएक्स 3060 कार्ड 170 वॉटचं, तर 2023 चं आरटीएक्स 4060 हे 115 वॉटचं. नव्याचा वेग बहुतेक गेममध्ये थोडा जास्तच आहे. जुन्यात मेमरी 12 जीबी आणि नव्यात 8 जीबी, हा फरकही ध्यानात ठेवा. पण आपल्या उन्हाळ्यात वाचलेले 55 वॉट मोलाचे! आणि साधेच गेम खेळायचे असतील तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घ्या, वेगळं कार्ड नकोच.

3. डबा समोरून जाळीचा घ्या. समोर बंद काच आणि आत रंगीत दिवे असले की दिसायला छान, पण दिव्यांनी हवा खेळत नाही.

4. वीज पुरवणाऱ्या भागात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, काटकसर नको. तो "80 प्लस" शिक्क्याचा असावा. लागणाऱ्या विजेपेक्षा त्याची क्षमता बरीच जास्त ठेवा: 300 वॉट लागत असतील तर 500 चा. आणि तो कधीही उघडू नका! प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली राहते.

5. एअर कूलर खोली गार करतो, त्याचा फायदा घ्या. पण त्याचा ओला झोत थेट कॉम्प्युटरवर नको.

6. घरात अर्थिंग नीट आहे ना, ते मोठ्यांना विचारा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा.

मोठ्यांनाही हे चुकत नाही, बरं! 1991 साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेनं "परम 8000" हा महासंगणक तयार केला. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर, आपल्याच विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पुढं 2019 साली पुण्याच्या आयसर संस्थेत "परम ब्रह्म" बसला, तेव्हा त्याच्या चिप गार ठेवायला द्रव फिरवण्याची सोय करावी लागली. म्हणजे महासंगणक असो की आपल्या टेबलावरचा डबा, प्रश्न एकच: ही उष्णता न्यायची कुठं?

आता एक गंमत करा. घरात थर्मामीटर असेल तर सकाळी 7, दुपारी 2 आणि रात्री 9 वाजता खोलीचं तापमान आठवडाभर वहीत लिहा. सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती लाल गोल काढा. दुकानात जाल तेव्हा भागांच्या यादीच्या अगदी वर तोच आकडा लिहून न्या. मी तेव्हा तो लिहून घ्यायला विसरले होते. तुम्ही विसरू नका, बरं का!