पन्नास वर्षांनी उघडलेली जखम

ब्रिटिश आरमाराचे ‘सेंच्युरियन’ हे जहाज 1740 मध्ये कमोडोर ॲन्सन यांच्या हाताखाली जगप्रदक्षिणेला निघाले. त्यावर एक वृद्ध सैनिक होता. 1690 मध्ये आयर्लंडात बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. समुद्रावर त्याला स्कर्व्हीने गाठले आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या जखमा पुन्हा उघडल्या. जुळलेले हाड पुन्हा सुटल्याचेही त्या सफरीच्या वृत्तांतात लिहिलेले आहे.

याचा उलगडा संयोजी ऊतींमध्ये आहे. स्नायूंत किंवा मेंदूत काम पेशी करतात. बहुतेक संयोजी ऊतींत पेशी विरळ असतात आणि त्या स्वतःबाहेर जे विणून ठेवतात, तेच भार पेलते. त्यात कॅल्शियमचे क्षार साचले की हाड होते, पाणी धरून ठेवणारा लगदा भरला की कास्थी. स्नायूला हाडाशी बांधणारे स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध, चरबी, सगळे याच घराण्यातले. रक्तसुद्धा, फक्त तिथे पेशींभोवतीचा पदार्थ पातळ आहे.

या विणकामाचा मुख्य धागा कोलॅजन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश वाटा एकट्या त्याचा. त्याची रचना उलगडली ती मद्रासमध्ये, ही आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूंवर क्ष-किरण टाकले आणि 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले की, कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या एकत्र असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारणा केली: तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, तिपेडी दोरासारख्या. पिळाच्या आत जागा इतकी कमी, की दर तिसऱ्या ठिकाणी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच लागते.

हा पीळ शरीराच्या उष्णतेत टिकावा म्हणून साखळीतल्या प्रोलिनला रासायनिक जोड द्यावी लागते, आणि त्या कामाला क जीवनसत्त्व हवे. ते नसेल तर नवा धागा कच्चा राहतो, आणि हीच स्कर्व्ही. जुना वणही स्थिर नसतो. त्यातले कोलॅजन झिजत असते, नवे भरले जात असते. भरणे थांबले की वण उसवतो. गाय, कुत्रा हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतः बनवतात, माणसाला ते अन्नातूनच मिळवावे लागते. पेरूत ते संत्र्याहूनही जास्त असते.

महागड्या कोलॅजन पावडरींबद्दल एवढेच सांगतो, की पचनात त्यांची अमिनो आम्ले आणि लहान तुकडे होतात; त्यातून सांध्यात तयार दोर जाऊन बसत नाही.

घोटा मुरगळला तर मात्र हे लक्षात ठेवा: अस्थिबंधात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठाही कमी. वेदना काही आठवड्यांत थांबते, धाग्यांना बळ यायला कित्येक महिने लागतात. दुखायचे थांबले म्हणून लगेच मैदानात उतरू नका. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम पूर्ण करा.